गावाची जागा, सरकारचा पगार : मराठा विद्या प्रसारक समाज आणि शिक्षण खाते

दरवर्षी १९ ऑगस्टला मराठा विद्या प्रसारक समाजाचा समाजदिन साजरा होतो. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या शाळांमध्ये रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे, डी. आर. भोसले, कीर्तिवानराव निंबाळकर ही नावे मुलांच्या कानांवर पडतात. ती पडायलाच हवीत. या माणसांनी आपले घर-शेत बाजूला ठेवून संस्था उभी केली, आणि आज पाचशेच्या घरात शाखा व दोन लाखांच्या घरात विद्यार्थी असा जो पसारा दिसतो, त्याचा पाया त्यांनीच घातला. पण या इतिहासात आणखी एक भागीदार आहे आणि समाजदिनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. तो म्हणजे सरकारचे शिक्षण खाते. मान्यता त्याची, अनुदान त्याचे, तपासणी त्याची, परीक्षा त्याची. संस्थेच्या शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब मांडायचा तर या भागीदारीचा हिशेब मांडावाच लागेल. तिच्यात प्रेम होते, कुरबुरी होत्या, उशीर होता. आणि ती नसती तर निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याचा मुलगा मॅट्रिकपर्यंत पोहोचला नसता.

सुरुवात १९१४ ची. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की आपल्या पूर्वजांनी सर्वांत आधी हाती घेतले ते वसतिगृह. त्याचे कारण समजून घेण्यासाठी त्या वेळच्या खेड्यातल्या मुलाचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागतो. गावात लोकल बोर्डाची मराठी शाळा असलीच तर चार इयत्तांपर्यंत. मोठ्या गावात सातवीपर्यंत म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत. त्यापुढे इंग्रजी शाळा हवी तर नाशिक गाठायचे. तिथे शाळा होती, शिक्षक होते, पण दिंडोरीहून किंवा चांदवडहून आलेल्या मुलाला राहायला जागा आणि जेवायला ताट नव्हते. शहरात ज्यांचे नातेवाईक होते त्यांची मुले शिकली. शेतकऱ्याचे नातेवाईक शेतातच होते. सरकारने वर्ग उघडले होते, पण त्या वर्गापर्यंत पोहोचण्याची सोय केली नव्हती. ती उणीव ज्यांना दिसली त्यांनी ती भरून काढायचे ठरवले.

ही उणीव नाशिकपुरती नव्हती, आणि ती अपघातानेही पडली नव्हती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात अनुदानाची पद्धत आणली. सरकार सगळ्या शाळा स्वतः चालवणार नाही. लोकांनी शाळा काढाव्यात, सरकार तपासणी करून मदत देईल, असा तो विचार. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. कागदावर ही योजना न्याय्य होती. पण मदत मागायची तर अर्ज लिहिता यायला हवा, कमिटी हवी, हिशेब ठेवणारा माणूस हवा, इमारत हवी. हे सगळे ज्यांच्याकडे आधीपासून होते त्या शहरी, शिकलेल्या वर्गाला अनुदानही आधी मिळाले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले ते याच दुखण्यावर बोट ठेवून. सरकारचा महसूल येतो कुणब्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे, हे त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली.

या मागणीचा पहिला मोठा अंमल इंग्रजी मुलखात झाला नाही, संस्थानात झाला. आणि तो करणारा माणूस आपल्याच जिल्ह्याचा होता. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला, शेतकऱ्याच्या घरचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्याने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पर्यंत सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचे, मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. बडोद्यातली खेडी शिकू लागली, तेव्हा ज्या कवळाण्याने हा राजा दिला ते कवळाणे मात्र इंग्रज कलेक्टरच्या जिल्ह्यात, सक्तीच्या कायद्याविना राहिले. नाशिकच्या शेतकरी समाजाला ही तुलना बोचली असणारच.

म्हणून अनुदानाच्या दारात उभे राहायचे तर आधी संस्था हवी, हे त्या पिढीने ओळखले. धारचे संस्थानिक उदाजीराव पवार यांच्या आश्रयाने नाशिकला वसतिगृह उभे राहिले आणि त्याला उदाजी महाराजांचे नाव लागले. १५ एप्रिल १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढून जातवार वसतिगृहांची जी वाट घालून दिली होती, तिचेच हे नाशिकमधले पाऊल. त्याच दौऱ्यात महाराज इथल्या अस्पृश्य समाजाच्या कार्यक्रमालाही गेले. पुढे नाशिकच्या शाहू छत्रपती बोर्डिंगचे काम दादासाहेब गायकवाडांनी पाहिले, तेच दादासाहेब १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आघाडीवर होते. एकाच शहरात, एकाच काळात, वेगवेगळे समाज आपापल्या मुलांना आधी छप्पर आणि भाकरी मिळवून देत होते. आज जातवार वसतिगृहांबद्दल बोलताना संकोच वाटतो. त्या काळी एकत्र पंगतीला बसणेच अशक्य होते, हे विसरून त्यांचे मोल करणे अन्यायाचे होईल.

सरकारही हळूहळू या वसतिगृहांकडे वळले. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा दोघेही होते. १९३० मध्ये तिचा अहवाल आला आणि मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी वेगळे खाते निघाले. लोकांनी चालवलेल्या वसतिगृहाला सरकारने मदत करायची, हे तत्त्व या काळात रुजले. आधी समाज पुढे होतो, मग सरकार हात देते, असा क्रम इथे दिसतो. आपल्या संस्थेच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हा क्रम पुन्हा पुन्हा येतो.

याच सुमारास दुसरा एक निर्णय झाला आणि त्याने महाराष्ट्रातल्या शाळांचा नकाशा कायमचा ठरवला. १९१८ च्या पटेल कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे गेला. स्वातंत्र्यानंतर जिल्हा शाळामंडळे आली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. म्हणजे पहिली ते सातवी सरकारी यंत्रणेची जबाबदारी ठरली. आणि आठवी ते अकरावी? तिथे सरकारने मोजकीच हायस्कुले चालवली आणि बाकीचे मैदान संस्थांना मोकळे ठेवले. महाराष्ट्राच्या खेड्यांत माध्यमिक शाळा म्हणजे संस्थेची शाळा, हे समीकरण इथून आले. देशातल्या अनेक राज्यांत असे नाही. तिथे गावचे हायस्कूलही सरकारीच असते. आपल्याकडे ते काम रयत शिक्षण संस्थेने, मराठा विद्या प्रसारक समाजाने (मविप्रने), गोखले एज्युकेशन सोसायटीने आणि गावोगावच्या छोट्या-मोठ्या मंडळांनी केले. गोखले सोसायटीची स्थापना १९१८ ची. तिने १९२४ मध्ये नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू केले आणि पदवीसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची सक्ती संपली. शहराची गरज तिने भागवली. खेड्याची गरज भागवण्याचे काम आपल्या संस्थेकडे आले.

गावात हायस्कूल कसे निघत असे, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या सभासदांपैकी अनेकांना ते ठाऊक नाही. गावची चार माणसे आधी तालुक्याच्या संचालकाला भेटत. मग पारावर किंवा मारुतीच्या देवळात बैठक. पहिला प्रश्न जागेचा. कोणीतरी दोन-तीन एकर देण्याची तयारी दाखवे आणि बक्षीसपत्र होई. ते पाणथळ किंवा गावाबाहेरचे रान असेल तर त्यावरूनही वाद होत. दुसरा प्रश्न पहिल्या वर्षाच्या खर्चाचा. कांदा, ऊस, बाजरी, जे ज्याच्याकडे असेल त्यातून वर्गणी ठरे. सहकारी साखर कारखाने निघाल्यावर उसाच्या बिलातून शिक्षणासाठी कपात करण्याची चाल राज्यभर रुळली. तिच्या जोरावर अनेक भिंती वर चढल्या. आणि जूनमध्ये आठवीचा वर्ग बसे, तो बहुधा इमारतीत नव्हे. कोणाचा वाडा, सोसायटीचे गोदाम, चावडी, धर्मशाळा, जे रिकामे असेल ते. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी, मग अकरावी, असा एकेक वर्ग ‘नैसर्गिक वाढीने’ जोडला जाई.

इथपर्यंत सगळे गावाचे. इथून पुढे खात्याचा प्रवेश. मान्यतेचा प्रस्ताव जाई. शेजारची शाळा किती मैलांवर, मुले किती, प्रशिक्षित शिक्षक किती, खेळाचे मैदान आहे का, विज्ञानाच्या प्रयोगांची सोय, ग्रंथालयात पुस्तके किती, संस्थेची ठेव किती. अधिकारी प्रत्यक्ष येऊन पाहत. मान्यता आधी तात्पुरती मिळे, एका वर्षाची. अनुदान तर त्याहून सावकाश. आधी वर्षभर खर्च करायचा, हिशेब तपासून घ्यायचा आणि मग मान्य खर्चाच्या काही टक्के रक्कम हाती यायची. अनुदान येईपर्यंत शिक्षकांना पगार कोठून द्यायचा? तो प्रश्न संस्थेच्या कार्यालयाने आणि गावाने मिळून सोडवायचा असे. कित्येक शिक्षकांनी महिनोन्महिने अर्ध्या पगारावर काम केले, गावाने त्यांच्या घरी धान्य पोहोचवले. संस्थेच्या अहवालांत या शिक्षकांची नावे नाहीत. संस्थापकांच्या नावाआधी लागणारी कर्मवीर ही पदवी त्यांनाही शोभली असती.

शाळा तपासणीला लोक भीत असत आणि तिची वाटही पाहत. तपासणीच्या दिवशी अधिकारी आधी हजेरीपट आणि वर्गातली डोकी पडताळून पाहत. मग जनरल रजिस्टर, फी रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर, शिक्षकांचे पाठटाचण. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या मोजल्या जात. एखाद्या वर्गात ते स्वतः गणित घालत. शेवटी शेरेबुक मागवले जाई आणि त्यात शेरा लिहिला जाई: अमुक विषयात मुले कच्ची, तमुक खोलीत उजेड कमी, मुलींची संख्या वाढवावी. हे शेरेबुक मुख्याध्यापकाच्या कपाटात कुलपाखाली असे. संस्थेने या शेऱ्यांवर वर्षभरात काय केले, ते पुढच्या तपासणीत विचारले जाई. भागीदारी म्हणतात ती ही. एकाने पैसे द्यायचे आणि विचारायचे, दुसऱ्याने काम करायचे आणि उत्तर द्यायचे. तपासणीचा हा धाक आणि विश्वास दोन्ही आता पातळ झाले आहेत. माहिती संगणकावर भरली जाते, अधिकारी बैठकांत अडकलेला असतो, आणि वर्गात येऊन गणित घालणारा साहेब दुर्मीळ झाला आहे. हे नुकसान खात्याइतकेच आपलेही आहे.

त्याच कपाटातले जनरल रजिस्टर तर संस्थेचा खरा इतिहास आहे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पानोपानी दिसतो, कारण घरात कोणालाच तारीख ठाऊक नव्हती आणि गुरुजींनी वय अंदाजाने ठरवले. शाळा सोडल्याच्या कारणात ‘घरकाम’, ‘शेतीकाम’, ‘गाव सोडले’, आणि मुलींच्या नावापुढे ‘लग्न’. एखाद्या गावात कोणत्या वर्षी पहिली मुलगी हायस्कुलात आली, कोणत्या वर्षी दलित वस्तीतले पहिले नाव पटावर चढले, दुष्काळाच्या वर्षी किती नावे कमी झाली, हे सगळे त्या रजिस्टरात आहे. गंगापूर रोडवर उदाजी महाराजांच्या नावाने संस्थेने शैक्षणिक वारशाचे संग्रहालय केले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण खेड्यांतल्या कपाटांमधली ही रजिस्टरे अजून वाळवीच्या भरवशावर आहेत.

सरकार आणि संस्था यांच्या नात्यात ताण कसा येतो, हे पाहायला साताऱ्याकडे पाहावे. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि खेड्यांत शाळा काढणाऱ्यांना अल्प अनुदान देण्याची व्हॉलंटरी शाळांची योजना निघाली. रयतचे संस्थापक भाऊराव पाटलांनी तिचा पुरेपूर उपयोग केला आणि डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर शेकडो शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर खेरांच्याच सरकारने मतभेदांवरून रयतचे अनुदान थांबवले. ज्या संस्थेने सरकारचे काम स्वस्तात आणि मनापासून केले, तिची शिक्षकांच्या पगारासाठी ओढाताण झाली. शेवटी गाडगेबाबांसारख्या माणसाला मध्ये पडून शब्द टाकावा लागला आणि मदत पुन्हा सुरू झाली. अनुदान हा उपकार नसून मुलांचा हक्क आहे, हे सरकारला तेव्हा उमगले नव्हते. मंत्र्याच्या मर्जीवर शाळा चालत असतील तर ती भागीदारी नव्हे.

आपल्याकडे वेगळे घडले. संस्थेचे नेतेच सरकारात गेले. भाऊसाहेब हिरे मुंबई राज्याचे महसूलमंत्री झाले. कूळकायद्याच्या अंमलाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५२ मध्ये त्यांनी मालेगावला महात्मा गांधी विद्यामंदिर काढले आणि कसमादेच्या (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यात दुसरी मोठी संस्था उभी राहिली. काकासाहेब वाघांनी निफाडच्या साखर कारखानदारीला आकार दिला. जमीन कसणाऱ्याला मिळावी, उसाला भाव मिळावा आणि मुलाला शाळा मिळावी, हे त्या पिढीला एकच काम वाटत होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे असण्याचा संस्थेला फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रस्ताव अडले नाहीत, खेड्यांचे म्हणणे मुंबईत ऐकू गेले. पण याच वाटेने पुढे राजकारणही शाळेत शिरले. संस्थेची दर पाच वर्षांनी होणारी निवडणूक आज जिल्ह्यातल्या कोणत्याही विधानसभा निवडणुकीइतकी चुरशीची होते. दहा हजारांच्या घरातल्या सभासदांनी आपले सरचिटणीस, सभापती आणि तालुका संचालक मतदानाने निवडावेत, ही लोकशाही महाराष्ट्रातल्या फार थोड्या शिक्षणसंस्थांत आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. प्रचाराच्या पत्रकांत मात्र शाळेतल्या मुलांच्या वाचनाबद्दल एक ओळ सापडत नाही, याची खंतही वाटते.

१९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीमाफी दिली. ‘ई. बी. सी.’ ही तीन अक्षरे त्या काळात शिकलेल्या प्रत्येकाला आठवतात. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असल्याचा तलाठ्याचा दाखला जोडायचा, फॉर्म भरायचा, आणि फीची चिंता मिटली. जातीचा विचार न करता गरिबीवर दिलेली ही सवलत खेड्यातल्या हायस्कुलांचे पट भरून गेली. त्याचा फायदा दुहेरी होता. मुलगा शिकला, आणि त्याची फी सरकारकडून आल्याने संस्थेला वर्ग चालवणे परवडले. पुढे पगाराचा जवळजवळ सगळा भार सरकारने उचलला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत झाले. नाशिक जिल्ह्यात खेड्यांतून शिकून शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका झालेल्या स्त्रियांची जी पिढी आज निवृत्तीला आली आहे, तिचा रस्ता या निर्णयांनी बांधला.

संस्थेची मोठी वाढ याच वर्षांतली. गंगापूर रोडवर १९६९ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. थोरात, हिरे आणि मुरकुटे या तीन कर्मवीरांची नावे एकत्र बांधून त्याला ‘के. टी. एच. एम.’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव मिळाले. तालुक्यांत ‘जनता विद्यालय’ आणि ‘न्यू इंग्लिश स्कूल’ या पाट्या वाढत गेल्या. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे वर्ग मोठ्या गावांतल्या हायस्कुलांना जोडले गेले. पदवीच्या उंबरठ्यापर्यंतचे शिक्षण आता सायकलच्या अंतरावर आले.

१९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची त्याची नियमावली यांनी शिक्षकाला संरक्षण दिले. त्याआधी संचालकाची मर्जी गेली तर शिक्षकाची नोकरी जाऊ शकत होती. आता सेवाज्येष्ठता, वैयक्तिक मान्यता, बिंदुनामावली, संचमान्यता हे शब्द आले. संस्थाचालकांपैकी काहींना वाटले की आपली सत्ता गेली. माझ्या मते, जाण्यासारखी होती तीच गेली. मात्र यातून एक गोष्ट हळूच निसटली. पगार सरकारकडून थेट येऊ लागल्यावर शिक्षक, गाव आणि संस्था यांची रोजची गाठ सुटली. गाव म्हणू लागले, शाळा सरकारची. सरकार म्हणू लागले, शाळा संस्थेची. आणि गळके छप्पर कोणाचेच राहिले नाही. वेतनेतर अनुदान, म्हणजे खडू, वीजबिल, दुरुस्ती, प्रयोगशाळेचे सामान यांसाठीची मदत, मधली काही वर्षे थांबलेलीच होती. ती पुन्हा सुरू झाली तरी गरजेच्या मानाने तुटपुंजी आहे.

जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे डोंगर, पाऊस आणि स्थलांतर. भात निघाला की माणसे द्राक्षबागांवर, वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर. तिथे शाळेआधी पुन्हा वसतिगृहच लागते. १९१४ मध्ये निफाडच्या मुलाला जी अडचण होती ती तिथल्या मुलाला आजही आहे. डांग सेवा मंडळाने, दादासाहेब बिडकरांनी स्वातंत्र्यापूर्वीच त्या भागात हे ओळखून काम उभे केले. सरकारने आश्रमशाळांना अनुदान दिले आणि १९७२-७३ पासून स्वतःच्याही आश्रमशाळा काढल्या. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्यामुळे या भागातल्या संस्थेला एकाऐवजी दोन खात्यांशी बोलावे लागते, आणि एका मुलाची नोंद कधी दोन्हीकडे, कधी कुठेच नाही अशी अवस्था होते. आपल्या संस्थेचे काम त्या तालुक्यांत सपाटीच्या मानाने कमी आहे. ते वाढायला हवे होते.

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालये निघाली. मविप्रनेही १९९० मध्ये आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९९ मध्ये गंगापूर रोडवर अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले. आडगावच्या रुग्णालयाचा ग्रामीण रुग्णांना मोठा आधार आहे, आणि शेतकऱ्यांची मुले डॉक्टर व इंजिनिअर झाली याचा आनंद कोणाला होणार नाही? पण संस्थेचे लक्ष, चर्चा आणि ताळेबंद यांचा गुरुत्वमध्य हळूहळू फीवर चालणाऱ्या शाखांकडे सरकला. दुसऱ्या बाजूने सरकारही मागे सरले. २००० नंतर शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ अशी मान्यता मिळू लागली. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, तरी टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडले. २००० मध्ये आलेल्या शिक्षणसेवक योजनेने नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर आणली. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभर बोगस पट उघडकीला आला आणि मग नव्या पदांना खीळ बसली. काही लबाड चालकांच्या पापाची शिक्षा प्रामाणिक शाळांनीही भोगली. पवित्र पोर्टलने भरती स्वच्छ करण्याचा प्रयत्न केला हे चांगलेच, पण पोर्टलवरून शिक्षक येईपर्यंत गणिताचा तास रिकामा राहतो.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी समाजाने पुढे होऊन सरकारला ओढले. आता दोघेही एकाच दिशेने मागे सरकत आहेत आणि मध्ये गावचे अनुदानित हायस्कूल उभे आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो मुलाला पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतो. गावच्या शाळेत उरतात ती मजुरांची, अल्पभूधारकांची, एकट्या आयांची मुले. ज्यांच्यासाठी १९१४ मध्ये ही संस्था निघाली ती हीच मुले. संस्थेची किंमत वैद्यकीय प्रवेशाच्या यादीवर नव्हे, तर या मुलांना आठवीत नीट वाचता येते का, यावर ठरली पाहिजे. माझे मत स्पष्ट आहे: नव्या शाखा पुरे झाल्या. पुढची दहा वर्षे जुन्या अनुदानित शाळांची इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि रिक्त पदे यांवर खर्च व्हावीत. सरकारकडे वेतनेतर अनुदान आणि पदे यांसाठी संस्थेने एकटीने नव्हे, जिल्ह्यातल्या सर्व संस्थांना बरोबर घेऊन मागणी करावी. रयतला एकेकाळी एकटे पडावे लागले तसे कोणाला पडू देऊ नये.

आणि सभासदांना एक विनंती. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल हाती आला की ताळेबंदाच्या आधी तालुकानिहाय शाळांची पाने उघडा. आपल्या गावच्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, गणित आणि विज्ञानाला कायम शिक्षक आहे का, मुलींची स्वच्छतागृहे वापरण्यासारखी आहेत का, आणि जुने जनरल रजिस्टर कुठे ठेवले आहे, हे पाच प्रश्न सभेत उभे राहून विचारा. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.